नावाचे गहू

मी भांडखोर बाई आहे, हे आधीच सांगून ठेवते. नळावर, रेशनच्या रांगेत, कुठंही विचारा. पण उखीचं नाव निघालं की माझा आवाज आपोआप खाली येतो. का येतो ते सांगते, आणि त्यात माझी लाज निघेल तीही निघू दे.

आम्ही एकोणसत्तर साली सुरतेला आलो. मी, आमचे हे आणि सासूबाई. अमळनेरहून गाडीत बसलो ते उधन्याला उतरलो. सासूबाईंच्या मांडीवर कानबाईचा नारळ होता, त्यांच्या लग्नाच्या शालूत गुंडाळलेला. तो त्यांनी उधना येईपर्यंत खाली ठेवला नाही. मी म्हटलं, "आत्या, थोडा वेळ मी धरते," तर डोळे वटारून म्हणाल्या, "तुले अजून पोरगं धरता येत नही, देवी धरशी?" मला तेव्हा पोरगं नव्हतंच, पण सोनाबाईंपुढे कोण बोलणार!

पांडेसऱ्याला कारखान्यांची वसाहत तेव्हा नुकती उभी राहत होती. आमच्या ह्यांचे थोरले चुलतभाऊ भाऊराव, म्हणजे माझे जेठ, चार वर्षं आधी आले होते. त्यांनी माळावर जागा मिळवून खोल्या बांधल्या आणि एकेक भाऊबंद गावाहून बोलावून घेतला. चौदा खोल्या, सगळी आमचीच माणसं. नवा माणूस आला की जेठ त्याला ओट्यावर उभं करून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "आम्ही आलो तेव्हा इथं काहीच नव्हतं. नुसत्या बाभळी."

आणि ते असं म्हणत असताना त्यांच्या पाठीमागे सात झोपड्यांतून धूर निघत असायचा.

त्या हळपतींच्या, इथल्या मूळच्या शेतमजुरांच्या झोपड्या. आमच्या कुंपणापासून शंभर पावलांवर. त्यांचे आजे-पणजे त्याच मातीत गेलेले. समोर धूर निघतोय, कुत्री भुंकतायत, पोरं रडतायत, आणि माणूस म्हणतो काही नव्हतं! पण जेठांना कशाला हसू? सहा महिन्यांनी माझी बहीण भेटायला आली तेव्हा मीही तिला तेच वाक्य ऐकवलं, शब्दाला शब्द.

आम्ही त्यांना दुबळे म्हणायचो, त्यांच्या जातीचं जुनं हिणकस नाव. ताडी पिऊन पडतात म्हणायचो. आमचे जेठ जणू संध्याकाळी दूधच प्यायचे! एखादी कोंबडी दिसेनाशी झाली की बोट तिकडेच. त्यांच्यातली उखी कुंपणाजवळून गेली की सासूबाई चूळभर पाणी घेऊन वाटेवर शिंपडायच्या. आणि याच सुरतेच्या बाजारात एका दुकानदारानं मला "ए घाटन, आघी खस" म्हणून मागं सारलं होतं आणि सुटे पैसे वरून हातात टाकले होते, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. घरी येऊन मी उखीला जुनं लुगडं दिलं, तेही वरूनच टाकून. मला काही वाटलंसुद्धा नाही, माय. माणूस काय चीज आहे!

उखीचा नवरा छगन. मोठा कष्टाळू, बोलायला कमी. वस्तीची विहीर खणायला जेठांनी त्यालाच मजुरीवर लावलं होतं. पहिल्या दिवशी कुदळ हातात घेऊन तो म्हणाला होता की इथं नको शेठ, इथं खारं लागेल. जेठ हसले. "हा दुबळा आता आपल्याला पाणी दाखवणार!" छगननं मुकाट्यानं खणलं. पाणी लागलं, आणि असं खारं लागलं की चहा नासायचा. तेच आम्ही तोंड वाकडं करून प्यायचो. रोजच्या डाळीत चिमूटभर सोडा टाकला की ती कशीबशी शिजायची.

मग श्रावण आला.

आमच्या खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची, पाटावर बसवून रात्र गाण्यांत काढायची आणि सोमवारी पाण्यात निरोप द्यायचा. पण खरा जीव रोटांत. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजतात. पाळण्यातला असला तरी त्याची सव्वा मूठ. हे नावाचे गहू घरच्या जात्यावर दळायचे आणि आत पुरण भरून रोट करायचे. ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, सासरी गेलेल्या पोटच्या लेकीलासुद्धा नाही. आमच्या भाऊबंदकीत हे एवढं कडक की खाली सांडलेला तुकडाही उचलून पुरतात.

तर त्या पहिल्या रविवारी मी हरभऱ्याची डाळ चुलीवर चढवली. कानबाईच्या पुरणात सोडा घालतात का कुठं? सकाळची डाळ, दुपार झाली तरी खडे! चमच्यानं दाबावी तर टणकन उडते. पाऊस आठ दिवसांपासून दडी मारून बसलेला, नाहीतर पन्हाळीचं पाणी तरी धरलं असतं. सासूबाई दोनदा येऊन पाहून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या आणि खालीच बसल्या. "कानबाईले हाई गाव मानवनं नही," म्हणाल्या. "पंडितले सांग, बोचकं बांध. उद्या देवीसंगे आपलंबी विसर्जन, मंगळवारी गाडी." पंडित म्हणजे आमचे हे.

गावाकडे काय होतं? दुसऱ्याच्या शेतात रोजानं जायचं, तेही मिळालं तर. इथं ह्यांना रंगाच्या कारखान्यात कायमचं काम लागायच्या बेतात होतं. मी मागल्या दारी जाऊन पदरात तोंड घालून रडायला लागले.

कुंपणापलीकडे उखी उभी होती. म्हणाली, "शुं थयुं, बेन?"

मी चिडूनच सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आ पाणीमां दाळ नी चडे, बेन. चाल मारी साथे." मी कळशी घेतली आणि गेले. झोपड्यांच्या मागं चार ताड आहेत, त्यांच्या बुडाशी दगड रचलेला लहानसा झिरा. वर ताडाच्या पानांचं झाकण. ती वाकली, करवंटीनं पाणी काढून माझ्या कळशीत ओतत राहिली. करवंटी ओतायची, झिरा पाझरेपर्यंत थांबायचं, पुन्हा ओतायची. कळशी भरायला अर्धा तास लागला. मी एक घोट घेतला, आणि काय सांगू, गावाची आठवण आली. इतकं गोड!

निघताना ती म्हणाली, कोणाला सांगू नको हं बेन, चौदा खोल्या आल्या तर आमचा झिरा दोन दिवसांत आटेल. मी कानबाईची शपथ घेतली. डाळ लोण्यासारखी शिजली. सासूबाईंनी दोन्ही हात जोडले, "पावनी वं माय, पावनी!" आणि बोचकं बांधायचं राहिलं. आम्ही सुरतेत राहिलो ते त्या एका कळशीमुळे. हे मला तेव्हाही कळत होतं.

पुढली दोन वर्षं तसंच चाललं. शनिवारी संध्याकाळी मी कळशी कुंपणाशी ठेवायची, रविवारी उजाडता भरलेली मिळायची. मध्यंतरी माझा मुलगा झाला, तर सव्वा महिना माझ्या पिण्याचं पाणी उखीनं पुरवलं. नंतर कळलं, मी एक कळशी नेली की तिच्या घरी संध्याकाळपर्यंत घागर रिकामी असायची. मला ती हे कधी बोलली नाही. एकदा कानबाईच्या दिवशी पुरणाचा वास घेत कुंपणाशी उभी होती. मी तिला भाजी दिली, पापड दिले, खीर दिली. "पेलुं शुं?" तिनं रोटाकडे बोट केलं. मी म्हटलं, ते भाऊबंदांचं, ते देता येत नाही. "हा, आमच्यातही असतं तसं," असं म्हणून ती हसली. जिच्या पाण्यावर रोट झाला तिलाच मी नाही म्हटलं. घास उतरेना मला त्या दिवशी, पण तोंड उघडायची हिंमतही झाली नाही.

मग बहात्तर साल आलं. गावाकडे दुष्काळ, तिकडून माणसं लोंढ्यानं येऊ लागली. जेठांना खोल्यांची दुसरी ओळ काढायची होती आणि कारखान्यापर्यंत सरळ रस्ता हवा होता. मध्ये सात झोपड्या. जमीनमालकाचा माणूस जेठांना म्हणाला, वस्तीनं सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांनिशी लिहून द्या की ही माणसं नकोत, आठ दिवसांत जागा मोकळी करून देतो. जेठांनी कागद लिहवून घेतला. रविवारी कानबाईला सगळे भाऊबंद जमतील, रोट खाण्याआधी सह्या करायच्या, असं ठरलं. बायकांच्यासुद्धा.

शनिवारी संध्याकाळी उखी कुंपणाशी आली. तिच्या कानावर गेलंच होतं. रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलं, "बेन, तुं बी अंगूठो मारवानी?"

मी चौथी शिकलेली, मला सही येते याचा मला केवढा तोरा! पण त्या क्षणी वाटलं, हात झडला तर बरं. मी पाठ फिरवून घरात गेले. त्या संध्याकाळी कुंपणाशी कळशी ठेवायचीही मला लाज वाटली. ठेवलीच नाही.

रविवारी पहाटे मागलं दार उघडलं तर कुंपणाला टेकून मातीची घागर. उखीची. वर ताडाच्या पानाचं झाकण, आणि तोंडापर्यंत भरलेली.

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. अगं बाई, तुझं घर पाडायचा कागद आज इथं फिरणार, आणि तू आमच्या देवीसाठी पाणी भरून ठेवतेस? मला तिचा रागसुद्धा आला, खरं सांगते. तिनं शिव्या दिल्या असत्या तर माझं ओझं हलकं झालं असतं.

मग मी उठले. घागरीला हात लावला नाही. विहिरीचं पाणी आणलं, डाळ त्यात चढवली आणि जाळ घालत बसले.

दुपार झाली. ओट्यावर भाऊबंद जमलेले, पोरं भुकेनं किरकिरायला लागलेली. डाळ खडखड वाजत होती. सासूबाई आल्या, भांड्यात डोकावल्या. "का वं शकू? तीन वरीस शिजनी, आज काबर नही?" मागोमाग जेठ कागद आणि शाईची डबी घेऊन आले. "डाळ शिजेपर्यंत सह्या उरकून घेऊ."

जेठांसमोर सुनेनं बोलायचं नसतं. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि बोलले. "तीन वर्षं डाळ शिजली ती उखीच्या झिऱ्याच्या पाण्यात. विहिरीच्या पाण्यात ती कधीच शिजणार नाही. तुमच्या कागदानं झोपड्या जातील. मग पुढल्या वर्षीपासून कानबाईला खडे वाढा."

माझा नवरा माझ्याकडे नुसता बघत राहिला. मला वाटलं, आता जेठ मला बाटगी म्हणून हाकलणार.

पण जेठ हुशार माणूस. त्यांचे डोळे चमकले. "गोडं पाणी? तिथं? अरे वा! मग तर झोपड्या हलल्याच पाहिजेत. झिरा बांधून काढू, वस्तीला पाणी होईल."

शपथ मोडली ती उखीला वाचवायला, आणि झिराच ह्यांच्या हातात देऊन बसले! मी स्वतःच्या हातानं तिचं उरलंसुरलं ओरबाडून दिलं होतं.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मागल्या दारची ती मातीची घागर कोणी ठेवली?"

"उखीनं."

"कधी?"

"आज पहाटे."

"तिले या कागदाचं ठावं शे?"

"कालच ठावं झालं, आत्या."

जी बाई उखीच्या वाटेवर पाणी शिंपडायची, ती मागल्या दारी गेली, वाकली, ती मातीची घागर कमरेवर घेऊन चुलीपाशी आली. माझी खारी डाळ पाण्यासकट ओतून दिली आणि नवी डाळ त्या पाण्यात चढवली. सोवळ्यातल्या हातांनी. मग पदराला हात पुसत जेठांसमोर जाऊन बसल्या. अहिराणीत बोलल्या त्या, मी सरळ करून सांगते.

"भाऊराव, रोट कोणी खायचे?"

"भाऊबंदांनी, काकू."

"तीन वर्षं तू कोणाच्या पाण्याचे रोट खाल्ले?"

जेठांनी शाईची डबी खाली ठेवली.

"मग दोनातलं एक सांग. एक तर छगन आपला भाऊबंद, म्हणजे रोट शुद्ध. नाहीतर तो परका, मग तीन वर्षं तुझा-माझा, या लेकराबाळांचा, सगळ्यांचा रोट बाटलेला. कागद लिहिणारा तू आहेस. हेही लिही, आणि मी खाली अंगठा मारते."

"पाण्याचं वेगळं, माणसाचं वेगळं, काकू..."

"पाणी चालतं अन् पाणी देणारी चालत नाही? तू जो झिरा बांधणार म्हणतोस, तो तिनं दाखवला म्हणून आपण इथं आहोत. आम्ही आलो तेव्हा इथं काही नव्हतं म्हणतोस. काही नव्हतं तर मला पाणी कोणी दिलं रे?"

मी सासूबाईंशी सात जन्मांची भांडणं एका जन्मात केली असतील, पण त्या दिवशी त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. जेठांनी कोणाकोणाकडे पाहिलं. सगळे डाळीकडे बघत होते. शेवटी त्यांनी कागदाची चौघडी केली आणि खिशात घातली. तो कागद मी पुन्हा पाहिला नाही.

मला वाटलं संपलं. पण सोनाबाई त्या! गव्हाच्या डब्याकडे गेल्या. दुष्काळाचं साल, गहू सोन्यासारखा. मूठ भरून सुपात टाकली, वर पाव मूठ आणखी. "दळ," मला म्हणाल्या. "छगनच्या नावाचे. सगळ्यांच्या नावाचा रोट झाल्याशिवाय कोणी पानावर बसायचं नाही." जेठांच्या पोटातून केवढा मोठा आवाज आला, मी जात्यावर बसून पदरात हसले. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, दळण भिजू नये म्हणून मान वळवून दळलं.

दिवेलागणीला आमच्या ह्यांनी जाऊन छगन-उखी दोघांना बोलावून आणलं. उखी मागल्या दाराशीच थबकली, तर सासूबाई ओरडल्या, "पुढल्या दारानं ये वं! मागल्या दारानं भाऊबंद येतात का?" छगनला पंगतीत बसवलं, जेठांच्या शेजारी. जेठ थोडे आखडून बसले, पण उठले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. उखीला मी माझ्या शेजारी घेतलं. तिच्या पानावर मी रोट वाढला. "बेन, मी सांगून टाकलं गं," मी कानात म्हटलं. तिनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "सारुं कर्युं." चांगलं केलंस, असं.

छगन मात्र रोटाला हात लावेना. आमच्या ह्यांना हळूच विचारू लागला, हे नावाचे गहू म्हणजे काय? ह्यांनी समजावलं की घरातले पुरुष मोजायचे, प्रत्येकाची सव्वा मूठ.

छगननं पानाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी लहानपणी धण्याकडे हाळी होतो, कर्जापायी बांधलेला गडी. धणी रोज संध्याकाळी बैल मोजायचा, बैलांबरोबर आम्हाला मोजायचा." त्यानं सासूबाईंकडे पाहिलं. "घरच्यांत कोणी मोजलं नव्हतं, माँजी."

जेठ मान खाली घालून बसले होते. उखीनं डोळ्याला पदर लावला, मीही लावला.

सासूबाईंनी वाटीभर तूप उचलून त्याच्या रोटावर ओतलं, सगळं.

"आता मोजलं ना? मग खाय," त्या म्हणाल्या. "तू पहिला घास घेतल्याशिवाय बाकीच्यांना घेता येत नाही. पोरं भुकेली आहेत."